ठिपकी गेली, चांदणी एकटी उरली. आणखी कोंबड्या आणू की नको?

अबोली_ब:
तीन होत्या. पहिलीला दोन वर्षांपूर्वी रात्री जनावराने नेलं. त्यात चूक माझीच, खुराड्याची कडी लावायची राहिली होती. आणि मागच्या मंगळवारी ठिपकी गेली. साडेपाच वर्षांची होती.

ठिपकी कोंबडी होती हे मला मान्य आहे, उगाच लेक-बिक म्हणणार नाही. पण रोज सकाळी खुराड्याचं दार उघडलं की सगळ्यात आधी तिची मान बाहेर यायची. अजूनही दार उघडलं की मी तिथे थोडी थांबतेच.

आता प्रश्न चांदणीचा. ती सहा वर्षांची आहे. दिवसभर कुंपणाच्या एकाच कोपऱ्यात उभी असते. पूर्वी तिन्हीसांजेला आपणहून आत जायची, आता अंधार पडला तरी बाहेरच. मग मी उचलून आत ठेवते. दाण्यात चोच मारते, पण खाल्ल्यासारखं करून सोडून देते. काल मी कपडे वाळत घालत होते तर येऊन पायाला चिकटून बसली. या बाईसाहेबांनी सहा वर्षांत मला कधी पाठीवर हात फिरवू दिला नव्हता!

नवीन आणल्या तर चांदणी आज ना उद्या जाईल. मग नव्यांतली एक आधी जाईल, एक मागे राहील, की पुन्हा हाच धागा काढायचा. नवरा म्हणतो आता पुरे. लेक म्हणते उद्याच आणू. मी मधल्या मध्ये. "कोंबडीच तर होती" सोडून काहीही लिहा.

मीच_ती:
अरेरे. वाईट वाटलं. चांदणीच्या जवळ बसत जा थोडा वेळ.

टवाळ:
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रिकामटेकडा:
टवाळ, प्रतिसाद काढलास तरी काय लिहिलं असशील ते सगळ्यांना कळलं. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहतं का?

टवाळ:
चुकलो. खरंच. अबोलीताई, सॉरी.

गुरांचा_डॉक्टर:
आणायच्या की नाही ते नंतर. आधी सांगा, ठिपकी कशाने गेली? याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्या खुराड्यात नवा पक्षी घालू नका. मानमोडी असेल, मॅरेक्स (पाय लुळे पाडणारा विषाणूचा आजार) असेल, तर नव्या पिलांना तुम्ही थेट आजारातच नेऊन सोडाल. मॅरेक्सचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि त्या धुळीत महिनोनमहिने टिकून राहतो. वरून धडधाकट दिसणारी जुनी कोंबडीसुद्धा तो बाळगून असू शकते. लस पिलू एक दिवसाचं असतानाच द्यायची असते. आजार एकदा भिडल्यावर लसीचा उपयोग नाही.

लंगडत होती का? एक पाय पुढे, एक मागे, असं? शेवटचे काही दिवस कसे गेले ते लिहा. आणि हो, कोंबड्या अचानक किंवा एकामागोमाग एक मेल्या तर उघड्या हाताने उचलू नये. बर्ड फ्लूची शंका आली तर आधी पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं, पुरणं-बिरणं नंतर.

अबोली_ब:
लंगडत नव्हती. दोन महिन्यांपूर्वी कवच नसलेलं, पिशवीसारखं मऊ अंडं दिलं. पुढे अंडी बंदच झाली. मग पोट खालून फुगलं, हाताला पाण्याच्या फुग्यासारखं लागायचं. उभी राहायची ती पेंग्विनसारखी ताठ. इथल्या डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं तेव्हा आठवडाभर बरी होती. पाणी पुन्हा भरलं. शेवटचे दोन दिवस माझ्या मांडीवरच होती.

गुरांचा_डॉक्टर:
मग बहुतेक अंड्याचाच आजार. पिवळा बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडतो, तिथे दाह होतो, पाणी साठतं. अंडाशयाच्या गाठीतही पोट असंच भरतं. अंडाशयाचा कॅन्सर कोंबड्यांमध्ये आपणहून आणि इतक्या वेळा होतो की माणसांतल्या त्या कॅन्सरच्या संशोधनासाठी कोंबड्याही वापरतात. दोन्हींपैकी काहीही असलं तरी चांदणीला किंवा नव्यांना ते लागणार नाही.

आणि तुमचं काही चुकलं असंही नाही. रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, तीसुद्धा पिलं काढण्यापुरती. माणसाने निवडून निवडून तिच्याच वंशात वर्षाला तीनशे अंडी घालणाऱ्या जाती तयार केल्या. एक अंडं बनायला २४ ते २६ तास लागतात, म्हणजे ते यंत्र जवळपास रोज चालू. कुठेतरी बिघडणारच.

अबोली_ब:
धन्यवाद डॉक्टर. ते मऊ अंडं दिसलं तेव्हाच न्यायला हवं होतं का, हे रोज डोक्यात येत होतं.

गुरांचा_डॉक्टर:
नेलं असतं तर कॅल्शियम दिलं असतं. मूळ दुखणं गेलं असतं असं मी तरी म्हणणार नाही.

जुनं_खोड:
मी नको म्हणणाऱ्यांतला. कारण ऐका.

आमच्याकडे पाचपासून सुरुवात झाली. दोन गेल्या म्हणून तीन आणल्या. तीन उरल्या तेव्हा शेजाऱ्यांनी दोन दिल्या. एक खुडूक बसली, "बिचारीला आई होऊ दे" म्हणून सौ.नी तिच्याखाली अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी सात पिलं. त्यातले चार कोंबडे निघाले. चार कोंबडे! पहाटे साडेतीनपासून आळीपाळीने आरवायचे. त्यांना घरं शोधण्यात माझं अर्धं वर्ष गेलं. अशी अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत आम्ही दोघं एकत्र एकदाही चार दिवस बाहेर राहिलो नाही. एकाने खुराडं उघडायचं, एकाने बंद करायचं.

शेवटची गेली तेव्हा दुःख झालं. पण महिन्याभराने एके दिवशी आठ वाजेपर्यंत झोपलो, तेव्हा वाटलं हे आधीच करायला हवं होतं. ही साखळी कुठेतरी तोडावी लागते. तुमची आपणहून तुटत आली आहे, तर पुन्हा जोडू नका.

खुराडेवाली:
जुनं खोड काका, तुमची साखळी तुटताना शेवटची कोंबडी किती दिवस एकटी होती?

जुनं_खोड:
सात महिने.

खुराडेवाली:
हेच म्हणायचं होतं. तुम्ही आठपर्यंत झोपलात, पण त्याआधी तिने सात महिने एकटीने काढले. कोंबडी कळपातला जीव आहे. रात्री दांडीवर एकमेकींना टेकून झोपतात, एक धुळीत लोळायला लागली की दुसरी येऊन लोळते. घार दिसली की वेगळा आवाज, जमिनीवरून जनावर आलं की वेगळा आवाज, कोणीतरी सावध असतं म्हणून बाकीच्या निवांत खातात. एकटीला सतत मान वर ठेवावी लागते. चांदणी दाणे टाकून देते ती त्यामुळेसुद्धा असेल. मानसिक वगैरे नंतर, आधी पहाऱ्याला कोणी नाही.

पाटीवरचा_खडू:
+१. आमच्या एकटीला आरसा लावून दिला होता. तीन दिवस त्याच्यापुढे बसून खाल्लं. चौथ्या दिवशी आरशामागे जाऊन पाहून आली, नंतर ढुंकून पाहिलं नाही.

टवाळ:
आरशामागे पाहून आली म्हणजे आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा हुशार.

शंकासुर:
एक विचारू का, रागावू नका. चांदणी "दुःखात" आहे हे आपण कशावरून म्हणतो? सवयीची ऊब गेली, पहारा गेला, खुराड्यातली क्रमवारी गेली. त्यामुळे गोंधळली आहे. त्याला शोक म्हणणं म्हणजे आपलं तिच्या अंगावर चढवणं झालं. कोंबड्या तर मेलेल्या कोंबडीलाच टोचतात हो.

अबोली_ब:
टोचतात, खरं आहे. पण चांदणीने टोचलं नाही. ठिपकी गेली त्या सकाळी मी तिला खोक्यात ठेवून बाहेर आणलं, तेव्हा चांदणी येऊन खोक्याच्या कडेवर चढली, आत बघितलं, उतरली. बास एवढंच. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

गुरांचा_डॉक्टर:
शंकासुर, शोकाबद्दल मी ठामपणे काही म्हणणार नाही. पण अगदीच कोरडं प्रकरण नाही. २०११ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी पिलांच्या अंगावर हवेचा हलका फवारा मारून पाहिला. त्यांची आई बाजूलाच, तिला काहीही केलेलं नाही. तिच्या हृदयाचे ठोके वाढले, डोळ्यांचं तापमान उतरलं, ती सावध होऊन पिलांना हाका मारू लागली. पिलांना झालेला त्रास तिच्या शरीरात उमटत होता.

शंकासुर:
आई आणि पिलू. मैत्रिणी नाहीत.

गुरांचा_डॉक्टर:
मान्य.

रिकामटेकडा:
मैत्री असो नसो, राजकारण नक्की असतं. आमच्या खुराड्यात एक होती, तिच्या आधी पाण्याला तोंड लावायची कोणाची टाप नव्हती.

पाटीवरचा_खडू:
ती क्रमवारी एका नॉर्वेजियन माणसाने शोधली, थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे. लहानपणापासून घरच्या कोंबड्यांच्या वह्या भरत होता, कोण कोणाला टोचतं याची नोंद. १९२१ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. आज ऑफिसातल्या उतरंडीबद्दल जे बोलतात त्याचं मूळ खुराड्यात आहे.

टवाळ:
आमच्या साहेबांना ही लिंक पाठवू का?

मीच_ती:
अवांतर पुरे. अबोलीचं काय?

काडीपैलवान:
मी चुकलो होतो, ते लिहितो. कोणाच्या तरी कामी येईल.

आमची म्हातारी एकटी पडली. मला राहवेना. दुसऱ्याच दिवशी सहा आठवड्यांच्या दोन तलंगा आणल्या आणि दुपारी थेट तिच्यासमोर सोडल्या. मनात चित्र असं की म्हातारी त्यांना पंखाखाली घेईल. म्हातारीने पाच मिनिटांत एकीचं डोकं फोडलं. कोंबड्यांना रक्त दिसलं की थांबवता येत नाही, लाल दिसेल तिथे टोचत राहतात. मी मध्ये पडलो, माझा हात फुटला. दुसरी पोर घाबरून दोन दिवस जिन्याखालून बाहेर आली नाही. जखमी वाचली, पण पुढे कायम म्हातारीपासून दहा हात लांब.

नंतर कळलं की मी एकाच दिवसात चार चुका केल्या. वेगळं ठेवलं नाही, वयात एवढं अंतर, लपायला आडोसा नाही आणि खायला एकच भांडं.

तात्पर्य एवढंच की स्वतःचं दुःख निस्तरायला कोंबडी आणली, म्हातारीने मला विचारलंही नव्हतं.

खुराडेवाली:
काडीपैलवान, प्रामाणिक लिहिलंत. मी तीनदा नव्या-जुन्या एकत्र केल्यात, तिन्ही वेळा निभावलं. कसं ते सांगते.

नव्या आल्या की पहिले निदान तीन-चार आठवडे पूर्ण वेगळ्या. शक्य तेवढ्या लांब. आधी जुनीचं सगळं आटपायचं, मग नव्यांकडे जायचं, उलट कधीही नाही. चपला वेगळ्या, भांडी वेगळी. या दिवसांत शिंका, डोळ्यांतून पाणी, पातळ शीट, पंखाखालच्या उवा, सगळं कळतं. तोवर जुनं खुराडं रिकामं करून घासून उन्हात सुकवायचं. दांडीच्या फटी विशेष बघायच्या, रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा तिथे लपतात आणि काही महिने उपाशी राहूनही मरत नाहीत.

मग मध्ये जाळी. एका बाजूला जुनी, एका बाजूला नव्या. दिसतात, ऐकू येतात, टोचता येत नाही. दाणे जाळीच्या दोन्ही बाजूंना अगदी लगत टाकायचे, म्हणजे एकत्र जेवल्यासारखं होतं. हे आठवडा-दोन आठवडे. जाळीवर धावून जाणं थांबलं की संध्याकाळी एकत्र सोडायचं, आत जायच्या तासभर आधी. खाण्यापाण्याची भांडी दोन-दोन, लांब लांब. एखादी फळी तिरकी लावून ठेवायची, मागे पळता येईल अशी.

तरी टोचाटोची होणारच. मानेवर दोन-चार टोचे आणि पळापळ, ते त्यांचं त्यांना करू द्या. रक्त आलं किंवा एकीला कोपऱ्यात दाबून खाऊच देत नसतील तरच मध्ये पडा. आणि एकटी एक कधी आणू नका, दोन तरी आणा. मार विभागला जातो.

काडीपैलवान:
"मार विभागला जातो" हे आमच्या घरी भावंडांच्या बाबतीतही खरं होतं.

गुरांचा_डॉक्टर:
खुराडेवालींच्या पद्धतीला अनुमोदन. एक भर: तलंगा आणल्या तर खाद्याचा घोळ होतो. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या पिलाला साधारण एक टक्का पुरतं. जास्तीचं कॅल्शियम पिलांची मूत्रपिंडं बिघडवतं. म्हणून सगळ्यांना वाढीचं खाद्य द्यायचं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवायचा. जिला गरज, ती खाते.

नुसती_वाचक:
पहिल्यांदाच लिहितेय. चांदणीलाच दुसऱ्या कोणाच्या कळपात दिली तर? ओळखीचं कोणी असेल तर. ती एकटी राहणार नाही, अबोलीताईंची साखळीही थांबेल.

जुनं_खोड:
बाई, हे मला अकरा वर्षांत सुचलं नाही.

खुराडेवाली:
सुचणं सोपं आहे. सहा वर्षांची कोंबडी, नवी जागा, समोर आठ-दहा अनोळखी. ती थेट तळाला जाणार. तरण्या कोंबडीला ते झेपतं. म्हातारीला कधी झेपतं, कधी नाही. लहान, शांत कळप असेल आणि तिथला माणूस जाळीचं सगळं नीट करणारा असेल, तरच.

अबोली_ब:
हा विचार मीही केला होता. पण तिला ऐन म्हातारपणी घराबाहेर काढायचं हे मनाला पटत नाही. पटलं पाहिजे असं वाटतं, पण पटत नाही.

रिकामटेकडा:
कोंबडी जगते तरी किती? आमच्या चारच्या पुढे गेल्या नाहीत.

पाटीवरचा_खडू:
नीट सांभाळली तर पाच ते आठ, काही दहाच्याही पुढे. अमेरिकेत पीनट नावाची एक होती, ती २१ वर्षांची होऊन २०२३ च्या डिसेंबरात गेली.

जुनं_खोड:
एकवीस! अबोलीताई, हे तुमच्या यजमानांना वाचू देऊ नका.

तळ्याकाठी:
मी उशिरा आले, पण सगळं वाचलं. सगळे "आणू की नको" वर भांडतायत. मला वाटतं प्रश्न "कितव्या वर्षाची आणू" हा आहे.

पिलं आणाल तर ती चांदणीच्या मागे सहा-सात वर्षं राहतील आणि साखळी लांबेल. त्याऐवजी चार-पाच वर्षांच्या दोन आणा. कळप कमी करणारे, घर बदलणारे, अंडी आटली म्हणून कोंबड्या काढून टाकणारे लोक नेहमी असतात. अशांना कोणी घेत नाही. तुम्हाला अंड्यांची गरज आहे असं तुम्ही कुठे लिहिलेलंही नाही. वय जवळपास, अंगाने बरोबरीच्या, कोंबडा निघायचं भय नाही. साधारण एकाच काळात सगळ्या म्हाताऱ्या होतील. शेवटी एक उरेलच, पण तेव्हा ती एक-दोन महिने एकटी राहील, सात नाही.

मी असंच केलं. वाईट बाजूही सांगते. दोन वर्षांत तीन वेळा पुरावं लागलं. म्हाताऱ्या आणायच्या म्हणजे मरणंही जवळजवळची येणार. त्याची तयारी असेल तर.

शंकासुर:
या धाग्यावरचा पहिला प्रतिसाद ज्यात हिशेब पूर्ण मांडलाय.

जुनं_खोड:
मी नको म्हटलं होतं. हे असं असेल तर माझी हरकत मागे घेतो. खुराड्याची कडी मात्र बदला. आणि कोंबड्यांची म्हणून जी पातळ षटकोनी जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, जनावराला बाहेर नाही. अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळी लावा, आणि खाली हातभर जमिनीत किंवा बाहेरच्या बाजूला पसरून, म्हणजे उकरून येणार नाही. हे मी दोन कोंबड्या गमावून शिकलो.

अबोली_ब:
आठ दिवस लिहिलं नाही, क्षमस्व. सगळ्यांचं दोनदा वाचलं, एकदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. (एकवीस वर्षांचा प्रतिसाद गाळून.) "मरणंही जवळजवळची येणार" इथे तो गप्प झाला. मग म्हणाला, मला कोंबड्यांचा कंटाळा नाही आलेला, ठिपकीला तू दोन दिवस मांडीवर घेऊन बसलीस ते मला बघवलं नाही. हे त्याने आधी सांगितलं नव्हतं.

अजून ठरलेलं नाही. पण शनिवारी त्याने जाळी बदलली. कडीला दुहेरी खिटी लावली, ती मलाच उघडत नाही.

नुसती_वाचक:
म्हणजे ठरलंय :)

अबोली_ब (महिनाभराने):
कोणी विचारायच्या आत सांगते. दोघी आल्यात. एक साडेचार वर्षांची, दुसरीचं वय देणाऱ्यालाही नक्की माहीत नव्हतं. आल्या तेव्हा एकीची पाठ पिसांशिवाय होती, आता खुंट फुटलेत. घराच्या पलीकडच्या बाजूला ठेवल्यात, आज पंचविसावा दिवस. चपला वेगळ्या, होय.

चांदणीने त्यांना अजून पाहिलेलं नाही. पण त्या ओरडल्या की ही मान वाकडी करून ऐकत उभी राहते. परवा एकीने अंडं घालून सगळं घर डोक्यावर घेतलं, तर इकडून हिनेही तसाच कलकलाट सुरू केला. अंडं-बिंडं काही नाही, नुसताच आवाज. संध्याकाळी मात्र अजून मीच उचलून आत ठेवते.

टवाळ:
नावं?

अबोली_ब:
ठेवायची नाहीत असं ठरवलं होतं. एकीचं पडलंच. पहाटेपासून दाराला चोच मारत असते म्हणून तगादा.

टवाळ:
आणि दुसरीचं?

अबोली_ब:
दुसरी अजून दुसरीच आहे.